पोटासाठी प्रवास



प्रवास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दोन प्रकारचे उतारू उभे राहतात. एक देवाच्या ओढीने निघालेला यात्रेकरू आणि दुसरा देश पाहायला निघालेला हौशी गृहस्थ. दोघांविषयी आपल्या भाषेत पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते वाचायला मलाही आवडते. पण आगगाडीचे डबे आणि एस. टी.च्या गाड्या ज्याच्यामुळे खरोखर भरतात, तो उतारू तिसराच. तो पोटासाठी घर सोडतो. त्याला प्रवासवर्णन लिहायला सवड नसते, आणि वाटेत काय पाहिलेस असे त्याला कोणी विचारतही नाही. कामगार संघटनेच्या कामानिमित्त गेली तीस वर्षे मी याच उतारूंबरोबर फिरत आलो. शाळा माझी लवकर सुटली. पुढे जे काही शिकलो ते बहुतेक गाडीत बसून, आणि पुष्कळदा उभे राहून. त्यातले थोडे आज आपल्यापुढे मांडतो.

तसे पाहिले तर मराठीतले एक अत्यंत वाचनीय प्रवासवर्णन या तिसऱ्या उतारूचेच आहे. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते देशाटनाच्या हौसेने नव्हे. घरावर कर्ज होते, आणि बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, तेथे दक्षिणा चांगली मिळेल, अशी वार्ता कोकणापर्यंत पोचली होती. वाटेत बंड पेटले आणि भटजी झाशीच्या वेढ्यात सापडले. 'माझा प्रवास' हे त्यांचे पुस्तक १९०७ साली छापले गेले. लोक ते झाशीच्या राणीसाठी वाचतात आणि ते योग्यच आहे. माझे लक्ष मात्र दुसरीकडे जाते. मिळालेले पैसे कोठे लपवायचे, लुटले गेलो तर पुढे काय, परक्या गावात रात्री कोणाच्या ओसरीवर अंग टाकायचे, घरच्यांना आपण जिवंत आहोत हे कसे कळवायचे! आज बोईसरच्या स्टेशनावर पत्र्याची पेटी घेऊन उतरणाऱ्या परप्रांतीय पोराच्या डोक्यात हेच चार प्रश्न असतात. फरक इतकाच, की चौथ्या प्रश्नाचे उत्तर आता त्याच्या खिशातल्या फोनमध्ये आहे.

परगावी गेले की माणसाला आधी पाणी आणि भाकर बदललेली कळते. आम्ही माकुणसारकडची माणसे तांदळाच्या भाकरीवर वाढलेली. सोलापूरला विणकामगारांच्या घरी ज्वारीची कडक भाकरी पुढे आली की पहिले चार दिवस जबडा दुखतो आणि पाचव्या दिवसापासून तिची चटक लागते. पण हे शोध कोणालाही लागतात. मला ज्याचे नवल वाटत आले ते शब्दांचे. एकच गोष्ट प्रत्येक मुलखात वेगळे नाव लावून बसलेली असते, आणि नाव वेगळे असल्यामुळे ती आपल्याकडचीच आहे हे ओळखू येत नाही.

आपल्या जिल्ह्यातल्या जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागातले आदिवासी भाताची कापणी उरकली की भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. कुठे चाललात असे विचारले तर ते 'कामाला' म्हणत नाहीत, 'जगायला' म्हणतात. 'जगायला जातो' एवढेच. यासाठी सरकारी कागदात 'स्थलांतर' असा जड शब्द आहे. पण त्यात पक्षीही बसतात आणि कार्यालयेही बसतात. 'जगायला' या शब्दात, गावात राहिलो तर काय, याचे उत्तर आपोआप आले. तर हे कुटुंब निघण्यापूर्वी भट्टीवाल्याकडून काही रक्कम घेते. तिला 'बयाणा' म्हणतात. ती सणात, दुखण्यात, लग्नात खर्च होते, आणि मग कुटुंब हंगामभर विटा पाडून ती फेडत राहते. हजार विटांमागे अमुक दर, हिशेब मालकाच्या वहीत, आणि आठवड्याला हाती येतो तो खर्चापुरता पैसा.

मी बीडकडच्या ऊसतोड मजुरांत बसलो तेव्हा तेथे 'उचल' हा शब्द ऐकला. मुकादम दसऱ्याच्या सुमारास उचल देतो आणि दिवाळीच्या आगेमागे नवराबायकोची जोडी सांगली-कोल्हापूरकडच्या कारखान्यांवर निघते. या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. दोन माणसे, चार हात, आणि नाव एका हत्याराचे! बाई आजारी पडली की अर्धा कोयता उरतो आणि उचल मात्र पुरती फेडावी लागते. पुढे ओडिशाचे मजूर भेटले, त्यांच्या तोंडी 'दादन' हा शब्द होता. बयाणा, उचल, दादन. तिन्ही ठिकाणी माणसाने जायचे तिकीट कर्जातून काढलेले असते आणि परतीचे तिकीट मालकाच्या वहीत असते.

आणि हे सारे आपल्याच मुलखात याहून जुन्या नावाने नांदत होते. डहाणू, उंबरगाव, पालघर या बाजूला लग्नापुरते कर्ज काढून आयुष्यभर सावकाराच्या वाड्यावर राबणाऱ्या माणसाला 'लग्नगडी' म्हणत. १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठीला आणि लग्नगडीपद्धतीला जो नकार दिला त्याची हकीकत त्यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिली आहे. वेठबिगारी मोडणारा कायदा देशभर झाला तो १९७६ साली. लग्नगडी गेला. पण वाड्यावर राहून राबणारा गेला आणि गाव सोडून राबणारा आला; कर्जाने चाल बदलली व ते प्रवासाला लागले, असे मला या फिरण्यातून दिसत आले.

येथे कायद्याची एक गंमत सांगितली पाहिजे. ओडिशाच्या दादन मजुरांचे हाल चव्हाट्यावर आले, तेव्हा १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. तो चांगला होता. घरापासून कामापर्यंत जाण्यायेण्याचे भाडे ठेकेदाराने द्यावे, प्रवासातल्या दिवसांचाही पगार द्यावा, आणि घर सोडावे लागते म्हणून महिन्याच्या पगाराच्या निम्म्याइतका विस्थापन भत्ता वेगळा द्यावा, असे त्यात लिहिले होते. घर सोडणे ही एक झीज आहे आणि तिची किंमत मोजली पाहिजे, हे त्यात कबूल केलेले होते. परंतु हा कायदा लागू व्हायला राज्याची सीमा ओलांडावी लागे. तलासरीचा मजूर हाकेच्या अंतरावर गुजरातेत उंबरगावला ठेकेदारामार्फत गेला तर तो कायद्याने स्थलांतरित. मोखाड्याचे कुटुंब पोराबाळांसह, कोंबड्या-भांड्यांसह भिवंडीला जाऊन सहा महिने झोपडीत राहिले तर ते कायद्याच्या दृष्टीने घरीच होते! शिवाय ज्याला लागू होता त्याच्या हाती तरी हा भत्ता पडला का? माझ्या तीस वर्षांत विस्थापन भत्ता हातात पडलेला एकही मजूर मला भेटला नाही. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि त्या कायद्याची जागा त्यांनी घेतली. गावी जाण्यायेण्याचे भाडे वर्षातून एकदा देण्याची तरतूद त्यांत आहे. विस्थापन भत्ता मात्र गेला. मिळत नव्हता तरी तो मागता येत होता.

आता रोजच्या प्रवासाकडे वळू, कारण आपल्यापैकी बहुतेकांचा संबंध त्याच्याशी आहे.

आमच्या माकुणसारहून मुंबईला जायचे तर सफाळे किंवा केळवे रोड स्टेशन गाठावे लागते. हा लोहमार्ग जुना. १८६४ साली गुजरातकडून येणारी गाडी मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोचली ती आमच्याच शेतांमधून. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईला स्थानिक गाडी सुरू झाली, आणि ती लोकल विरारच्या पुढे डहाणूपर्यंत आली १६ एप्रिल २०१३ रोजी. वैतरणेची खाडी ओलांडायला मुंबईच्या लोकलला १४६ वर्षे लागली. मधल्या काळात शटल होती, पॅसेंजर होती, लांबच्या गाड्या दोन मिनिटे थांबत, आणि त्यांच्या भरवशावर दोन-तीन पिढ्यांनी गिरण्यांत, गोदीत, कचेऱ्यांत नोकऱ्या केल्या. भाजीच्या पाट्या, फुलांच्या गोणी, पानांचे करंडे, मासळीच्या टोपल्या पहाटेच्या मालडब्यातून दादरला गेल्या आणि अजूनही जातात. या बायांइतका रेल्वेचा अभ्यास रेल्वेच्या अधिकाऱ्यांचाही नसेल. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागते, कोणत्या डब्याचे दार पुलासमोर येते, कोणता तिकीट तपासनीस आज रजेवर आहे, सारे तोंडपाठ.

या गाडीत चढलेल्या माणसाचे घड्याळच बदलते. आमच्या किनाऱ्यावरच्या लोकांचे जुने घड्याळ पाण्याचे. उधाण केव्हा, भांग केव्हा, ओहोटी कधी लागते, यावर दिवस बेतायचा. ते घड्याळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते आणि त्यात घाई नसते. गाडीचे घड्याळ मिनिटांचे. माणसे गाडीला नावाने हाक न मारता वेळेने हाक मारतात. 'माझी चार अठ्ठावन्न चुकली' असे म्हणतात, जणू ती त्यांच्या मालकीची होती. एकाच घरात बाप पाण्याच्या घड्याळावर आणि मुलगा मिनिटांच्या घड्याळावर चाललेला मी पाहिला आहे, आणि त्यांची भांडणे बहुतेक या घड्याळांचीच असतात.

एकदा मी पालघरहून अंधेरीला जाणाऱ्या एका फिटरचा हिशेब गाडीतच मांडला. घर ते कारखाना दोन तास, परत दोन तास, असे दिवसाचे चार. वर्षाला ३०० दिवस काम धरले तर १२०० तास. आठ तासांचा एक दिवस धरला तर हे झाले १५० दिवस. म्हणजे हा मनुष्य वर्षातून ३०० दिवस कारखान्यात आणि शिवाय १५० दिवस गाडीत पाळी भरतो. कारखान्याचा कायदा आठवड्याचे ४८ तास मोजतो आणि ते मोजायला फाटकापाशी सुरुवात करतो. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या प्रयत्नाने १८९० साली मुंबईच्या गिरणीकामगाराला रविवारची सुट्टी मिळाली, तेव्हा तो कामगार गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यात राहत होता. चाळीतून पाच मिनिटांत खात्यावर हजर. पुढे मुंबईतली जागा महाग होत गेली आणि कामगार बोरिवली, मग विरार, मग पालघर असा लांब लांब सरकत गेला. कामाचे तास लढून कमी केले ते असे अर्धेमुर्धे आगगाडीच्या खाती जमा झाले. फिटरला हा हिशेब दाखवला तर तो हसला आणि म्हणाला, 'दादा, हे घरी सांगू नका.'

तरी या वेळेत माणसे काय करतात हे पाहण्यासारखे असते. भजनी मंडळी टाळ घेऊन बसतात. बाया भाजी निवडून, सोलून घरी नेतात. पत्त्यांचा डाव वर्षानुवर्षे त्याच चौघांत चालतो आणि एक निवृत्त झाला की त्याची जागा भरायला दोन-दोन महिने विचार होतो. मी वाचले. गुजराती लिपी मी अशीच शिकलो. घोलवड, बोरडी रोड मागे पडून उंबरगाव आले की स्टेशनाच्या पाट्यांवर गुजराती अक्षरे लागतात. देवनागरीच्या डोक्यावरची रेघ पुसून टाकली की अर्धी लिपी आपोआप वाचता येते, उरलेली अर्धी वापीपर्यंत जमते. इंग्रजीचे मात्र तसे नव्हते. ती मी कोर्टाच्या निकालांवर शिकलो, मांडीवर शब्दकोश ठेवून. निकाल वाचता वाचता एक प्रश्न पुढे आला तो अजून सोडवीत बसलो आहे. कामाला जाताना वाटेत माणूस मेला तर तो कामावर मेला की नाही?

प्रश्न साधा दिसतो, पण विधवेला भरपाई मिळणे न मिळणे त्यावर ठरते. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यात 'कामातून व कामाच्या ओघात' झालेला अपघात असे शब्द होते. यंत्रात हात गेला तर शंका नाही. पण कामाचा ओघ सुरू कोठे होतो? फाटकाशी, की घराच्या उंबऱ्याशी?

१९५८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे पोरबंदरकडच्या मिठागराचा एक खटला आला. मिठागरातले कामगार काम आटोपून होडीने खाडी ओलांडीत असता होडी उलटली आणि माणसे बुडाली. न्यायालयाने तत्त्व मान्य केले की कामाच्या जागेची हद्द थोडी अलीकडे-पलीकडे ताणता येते. पण होडी मालकाची नव्हती, सर्वांसाठीची होती. त्या होडीत बसलेला कामगार हा इतर कोणत्याही उतारूसारखाच, म्हणून मालकावर जबाबदारी नाही, असा निकाल झाला. मी तो वाचला तेव्हा मला आमचे वाढीव आठवले. वैतरणा आणि सफाळे या स्टेशनांच्या मध्ये, खाडीवरच्या दोन रेल्वेपुलांदरम्यान हे बेट आहे. तेथली माणसे वर्षानुवर्षे रेल्वेच्या पुलावरून, रुळांच्या कडेने चालत स्टेशन गाठीत आली आहेत, आणि गाडीखाली किंवा खाडीत पडून त्यातले काही गेले आहेत. ते पुलावरून का चालतात? फिरायला नव्हे. पलीकडे पाळी सुरू होणार असते.

१९६३ साली दुसरा निकाल आला, तो मुंबईचा. बी. ई. एस. टी.चा एक चालक पाळी संपवून संस्थेच्याच दुसऱ्या बसने घरी निघाला होता. अपघात झाला, तो मेला. येथे न्यायालयाने म्हटले, की कर्मचाऱ्यांना बसने फुकट ने-आण करण्याची सोय संस्थेने आपले काम नीट चालावे म्हणूनच दिलेली आहे, तेव्हा हा प्रवास कामाच्या ओघातलाच. भरपाई मिळाली. बस मालकाची होती हे विधवेचे नशीब. त्यानंतर १९९६ चा एक खटला. कारखाना एका किलोमीटरवर आला होता, पाळीला पंधरा मिनिटे अवकाश होता, ट्रकने सायकल उडवली. कामगार वाचला, पण कर्मचारी राज्य विम्याखाली त्याला काही मिळाले नाही. तो अजून कामावर पोचला नव्हता!

जर्मनीत घर ते काम या वाटेवरचा अपघात १९२५ सालीच विम्यात घेतला गेला होता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६४ च्या ठरावात या प्रश्नाची दखल घेतली. आपल्याकडे २०१० साली राज्य विमा कायद्यात ५१-ई हे कलम आले, आणि घर ते कामाची जागा या वाटेवरचा अपघात, वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दिसत असेल तर, कामावरचा मानावा असे ठरले. पण हे विमा असलेल्यांपुरते. विमा लागू नसलेल्या असंख्य कामगारांना १९२३ चाच कायदा उरला होता.

त्यांचा निकाल लागला तो आपल्याच मराठवाड्यातल्या एका रखवालदाराच्या खटल्यात. साखर कारखान्यात पहाटे तीनची पाळी. २२ एप्रिल २००३ च्या रात्री हा मोटारसायकलने निघाला आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात गेला. मागे बायको, चार मुले आणि आई. उस्मानाबादच्या आयुक्तांनी सव्वातीन लाखांच्या आसपास भरपाई मंजूर केली; उच्च न्यायालयाने ती रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै २०२५ रोजी ती परत दिली आणि म्हटले, की ५१-ई मधले तत्त्व १९२३ च्या कायद्यालाही लागू पडते. पहाटे तीनला हजर राहायचे म्हणून जो मध्यरात्री रस्त्यावर येतो तो कामासाठीच आलेला असतो, हे मान्य व्हायला त्या घराला २२ वर्षे लागली. आता नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही घर ते काम या वाटेवरचा अपघात धरलेला आहे.

तेव्हा येथे जमलेल्या कामगार बंधुभगिनींना एक व्यावहारिक गोष्ट सांगतो. कायदा 'संबंध दिसला पाहिजे' म्हणतो, आणि संबंध कागदावर दिसतो. पास किंवा तिकीट फेकू नका. पाळीचा तक्ता घरी भिंतीवर लावा, म्हणजे त्या दिवशी कोणती पाळी होती हे घरच्यांना ठाऊक असेल. अपघात झाला तर रेल्वे पोलिसांच्या किंवा ठाण्याच्या पंचनाम्यात 'कामावर जात असता' हे शब्द लिहून घ्या. आमच्याकडे एका बाईचा नवरा असाच गेला, तेव्हा पंचनाम्यात 'कामानिमित्त बाहेर गेला असता' असे लिहिले होते, आणि मालकाच्या वकिलाने 'कामानिमित्त' म्हणजे खासगी काम असा अर्थ लावून तिला दोन वर्षे खेळवले. आणि वाटेत भाजी घ्यायला, नातेवाइकाकडे डोकवायला वळलात तर त्या वळणापुरता वाद निघू शकतो, हेही लक्षात असू द्या.

लांबच्या प्रवासाविषयी बोलताना एका माणसाचे नाव घेतलेच पाहिजे. तिसरा वर्ग १९७४ साली कागदावरून गेला आणि त्याचा दुसरा वर्ग झाला. पण फळ्या लाकडाच्याच राहिल्या. १९७७ ते १९७९ या काळात मधू दंडवते रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या शायिकांवर दोन इंच जाडीची गादी घालण्याची सुरुवात त्यांच्या कारकिर्दीत झाली. आज उत्तरेकडून बत्तीस-बत्तीस तास प्रवास करून येणारा मजूर त्या दोन इंचांवर झोपतो आणि दंडवत्यांचे नाव त्याला ठाऊक नसते. मे १९७४ च्या रेल्वे संपात ज्यांच्या नोकऱ्या गेल्या होत्या त्यांना परत घेण्याचे कामही त्यांच्याच काळात झाले. मंत्र्यांविषयी चांगले बोलण्याची मला फारशी सवय नाही, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

गाडीतून उतरल्यावर घर सोडलेल्या माणसाला दुसरे घर लागते. गिरणगावात ते कोकणातल्या आणि घाटावरच्या गावकऱ्यांनी आपापल्या गावाच्या नावाने खोल्या घेऊन उभे केले होते. एकेका खोलीत वीस-पंचवीस पुरुष पाळीपाळीने झोपत आणि जेवायला खानावळीवाल्या बाईकडे जात. या खानावळवाल्या संपात उधारीवर जेवण घालीत. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांचे अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या उठत गेल्या आणि त्या खोल्याही ओस पडल्या. तीच खोली आज मला बोईसरला दिसते. गावाचे नाव बदलले आहे, बलिया किंवा गंजाम किंवा समस्तीपूर. रात्रपाळीवाला उठला की दिवसपाळीवाला त्याच गोधडीवर पडतो. पण खानावळवाली बाई तेथे मला सापडत नाही. पोरे स्वतःच स्टोव्हवर भात शिजवतात. १९८२ सालच्या संपकऱ्याला निदान कोणीतरी उधार जेवू घालणारे होते.

ते नसले म्हणजे काय होते हे २०२० साली कळले. २४ मार्चच्या संध्याकाळी टाळेबंदी जाहीर झाली आणि चार तासांत लागू झाली, गाड्या बंद. खोलीचे भाडे चालू, काम बंद, आणि शहरात ओळखीचे असे कोणी नाही. माणसे चालत निघाली. आपल्या अहमदाबाद महामार्गावरून डोक्यावर बोचकी घेतलेल्या रांगा जात होत्या त्या येथल्या पुष्कळांनी पाहिल्या आणि भाकरीही दिली. श्रमिक गाड्या १ मेपासून सुटू लागल्या. ८ मेच्या पहाटे जालन्याहून भुसावळकडे रुळांवरून चालत निघालेले मध्य प्रदेशातले मजूर करमाडजवळ दमून रुळांवरच झोपले आणि मालगाडीखाली १६ जण गेले. गाड्या बंद आहेत असे सर्वांनी ऐकले होते. मालगाड्या बंद नव्हत्या, एवढा फरक त्यांना कोणी सांगितला नव्हता. ते कामावर होते की घरी जात होते, की दोन्हींच्या मध्ये, याचा निवाडा वर सांगितलेल्या कोणत्या कलमाखाली करायचा?

आणि शेवटी आमच्या किनाऱ्याकडचेच काही सांगतो. डहाणू-तलासरीकडचे कितीतरी आदिवासी तरुण पावसाळा सरला की गुजरातेत पोरबंदर, वेरावळ, ओखा येथे ट्रॉलरवर खलाशी म्हणून जातात. यातही उचल आहेच. राज्याची सीमा ते ओलांडतात ती रेल्वेने, आणि पुढे कच्छच्या सरक्रीकजवळ समुद्रात दुसरी एक सीमा असते ती त्यांना दिसत नाही, कारण पाण्यावर पाटी नसते. तांडेल जाळ्यामागे जातो, पाकिस्तानी गस्तीची बोट येते, आणि खलाशी कराचीच्या तुरुंगात. मालक बोटीची फिर्याद करतो. खलाशाचा पगार बोट धरली त्या दिवशी थांबतो.

हा मनुष्य परत कधी येईल हे घरच्यांना कोणी सांगू शकत नाही. मात्र २१ मे २००८ रोजी दोन्ही देशांत एक करार झाला आहे, त्याप्रमाणे दर वर्षी १ जानेवारीला आणि १ जुलैला दोन्ही सरकारे एकमेकांना आपल्या तुरुंगातल्या कैद्यांच्या याद्या देतात, आणि मच्छीमारांची यादी त्यात वेगळी असते. ज्यांचा माणूस परतला नाही त्यांनी बोटीच्या मालकाकडून बोटीचा नोंदणी क्रमांक, खलाशाचे नाव जसे ओळखपत्रावर आहे तसे, बापाचे नाव, गाव आणि बोट निघाल्याची तारीख हे लिहून घेऊन जिल्ह्याच्या मत्स्य कार्यालयात या दोन तारखांच्या आधी द्यावे. नाव एका अक्षराने चुकले तर ओळख पटवण्यात आणखी सहा महिने जातात.